वाळवंटात बोलायचं कुणाशी?

बडोद्यात मराठी वाचकांच्या एका बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित रूप.

नमस्कार मंडळी. वैशाखातल्या उन्हात दुपारी चार वाजता तुम्ही दांडिया बाजारापर्यंत आलात, त्याबद्दल आधी आभार. विषय तुम्हाला ठाऊक आहेच. 'आडुजीवितम्' हा मल्याळी सिनेमा आणि तो पाहून आपल्या माणसांनी काय काय म्हटलं. दिग्दर्शक ब्लेसी. मार्च २०२४ मध्ये तो आला, हिंदी बोलीतही आला. मूळ कादंबरी बेन्यामिन यांची, २००८ सालची. बहुतेकांनी तो थेटरात किंवा घरी पाहिला आहे, म्हणून सगळी गोष्ट सांगत बसत नाही. केरळात नदीतून वाळू उपसणारा नजीब नोकरीसाठी सौदीला जातो, विमानतळावरून भलताच माणूस त्याला गाडीत घालतो आणि भर वाळवंटात शेळ्यांच्या वाड्यावर राबायला सोडतो. एवढं आठवलं की पुरे.

मला जे खुपतं ते आधीच सांगून ठेवते. कुणी म्हणालं, "सिनेमा फार संथ आहे", की आपल्यातले जाणकार त्याच्यावर तुटून पडतात. तुला कळलं नाही, तुला मारामारी हवी, तुला गाणी हवीत. मला आज त्या संथ म्हणणाऱ्या माणसाची बाजू मांडायची आहे. त्याला काहीतरी खरं जाणवलेलं असतं, फक्त त्याचं नाव त्याला सापडत नाही.

पण त्याआधी पाण्याच्या बाटलीबद्दल बोलायलाच हवं. मी शहराच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं, आवाज चढवायची मला सवय नाही, त्या दिवशी मात्र चढला.

एप्रिलचा पहिला आठवडा. आम्ही पाच जण: मी, हे, माझे दीर, भाची आणि शेजारच्या काकू. माझ्या पिशवीत स्टीलची बाटली, घरचं पाणी. मला दुपारची गोळी घ्यायची असते. थेटरच्या दारात पिशवी तपासणाऱ्या मुलाने बाटली बाहेर काढली. "मासी, पाणी अंदर नहि लई जवाय." मी म्हटलं, अरे, पाणीच आहे, हवं तर पिऊन बघ. तो ऐकेना. बिचाऱ्याला तसंच सांगितलेलं असणार. मग त्याचा साहेब आला. मी त्याला म्हटलं, तक्रारवही दाखवा. वही नव्हती. आत पाणी मिळतं, असं तो म्हणाला. मिळत होतं, ६० रुपयांना अर्धा लिटर. फुकटचा नळ कुठे आहे विचारलं, तर जिन्याखाली बोट दाखवलं. तिथे पेला नव्हता आणि पाणी चहा होईल इतकं गरम. शेवटी बाटली त्यांच्या टेबलावर ठेवून, पावती म्हणून कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहून घेऊन मी आत गेले, तोवर सुरुवातीची दहा मिनिटं हुकली होती. माझा राग पैशांवर नाही, मंडळी. आजव्याचं तळं बांधून या गावाला नळाने पाणी दिलं ते सयाजीराव महाराजांनी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. त्या गावात दारातल्या माणसाकडून पाणी काढून घ्यायचं? घरी आलेल्याला आपण गूळ नसला तरी पाणी देतो. मी त्या लोकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. त्याचंही नाही.

हे सगळं सांगण्याला कारण आहे. तहानेने आणि रागाने माझे कान तीक्ष्ण झाले होते. नजीब वाळूत एकटा धडपडतो, ओठ फुटलेले, शेळ्यांच्या हौदातलं पाणी पितो, तेव्हा अंधारात बाटल्यांची झाकणं फिरल्याचे आवाज यायला लागले. कट्ट. मागच्या रांगेत कट्ट. उजवीकडे दोनदा. सगळं थेटर पाणी पीत होतं. सिनेमाबद्दलचं प्रेक्षकांचं पहिलं मत ते होतं आणि ते अगदी प्रामाणिक होतं.

परतताना बाकीची मतं आली. हे नजीबचं काम करणाऱ्या पृथ्वीराज सुकुमारनने भारावले होते. त्या नटाने या भूमिकेसाठी ३१ किलो वजन उतरवलं, आणि उघड्या अंगाचा तो प्रसंग आला तेव्हा यांनी माझा हात धरला होता. भाची म्हणाली, वाळवंट इतकं सुंदर दिसायला नको होतं, प्रत्येक चौकट भिंतीवर लावावीशी वाटते. काकू गप्प होत्या. त्यांचा मुलगा मकरपुऱ्यात वेल्डिंग शिकून मस्कतला गेलेला. मांडवीपाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या मुलाचा मालक ईदला मिठाई पाठवतो हो. सगळे असे नसतात." बरोबर आहे. पण कफाला पद्धतीत कामगाराचं राहणं, नोकरी बदलणं, देश सोडणं सगळं एका मालकाच्या मर्जीला बांधलेलं होतं. मालक भला निघाला तर मिठाई, नाहीतर नजीब. आता काही देशांनी ते नियम थोडे सैल केले आहेत. काकू पुढे म्हणाल्या, "त्या नजीबने घरून लोणचं नेलं होतं, ते पाहून मला बघवेना." इतकं थोडक्यात, इतकं नेमकं समीक्षण मी तरी वाचलेलं नाही.

आणि दीर म्हणाले, "वहिनी, अर्ध्या तासाची गोष्ट तीन तास ताणली." भाची लगेच, "काका, तुम्ही रील्स बघा." ते गप्प झाले ते घर येईपर्यंत. तिथून माझ्या डोक्यात हे सुरू झालं.

त्याचं उत्तर मला ऑगस्टमध्ये मिळालं, आणि कुठे मिळालं तर पाण्यात. २०२४ चा पूर तुम्ही सगळ्यांनी भोगला आहे. विश्वामित्रीची धोक्याची खूण २५ फुटांची आणि नदी गेली ३७ च्या वर. आम्ही समा भागात राहतो. तळमजला बुडाला, आम्ही दोघं माडीवरच्या भाडेकरूंच्या रिकाम्या खोलीत. वीज नाही, फोन मेलेले. चहूकडे पाणी आणि पिण्याचं पाणी एक कळशी. पहिला दिवस गडबडीत गेला. दुसऱ्या दिवशी वेळ थांबला. लग्नाला चाळीस वर्षं झालेली, एकमेकांना नवीन काय सांगणार? मी घड्याळ बघायची, वाटायचं तास झाला, तर झालेली असायची बारा मिनिटं.

मग समोरच्या गच्चीवरच्या बेननी हाक मारली. एरवी आमचं जेमतेम हसण्यापुरतं. त्या ओरडल्या, "मारी पासे बे बटाका छे, तमारी पासे?" मी ओरडून सांगितलं, माझ्याकडे पोहे आहेत, पण भिजवायला पाणी कमी. त्यानंतर दर तासाला आमचा बाजारभाव सुरू. दुपारी गल्लीतून एक मगर गेली, संथ, कंपाउंडच्या भिंतीला अंग घासत. आपल्याकडे मगरींचं कुणाला नवल नाही, पण आपल्याच दारातून जाते तेव्हा पोटात गोळा येतो. बेन म्हणाल्या, ही पहारा करते आहे, हिला आपण मुनीम म्हणू. झालं. पुढचे दोन दिवस "मुनीम आले का?", "मुनीम जेवले का?" भीती गेली नाही, पण दिवस पुढे सरकायला लागला. मगरीला नाव दिलं आणि घड्याळ चालू झालं.

पूर ओसरला, चिखल उपसून झाला, आणि मी कादंबरी पुन्हा काढली. जोसेफ कोइप्पळ्ळींचा इंग्रजी अनुवाद, २०१२ चा. आणि मला दिसलं की...

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. तासभर म्हणाला होतात ना? असो, टिपणं बाजूला ठेवते आणि मुद्द्याचं बोलते.

कादंबरीतला नजीब सतत बोलतो. सगळी कादंबरी त्याच्याच तोंडून आहे. अल्लाशी भांडतो, त्याची मनधरणी करतो. बायकोला, म्हणजे सैनूला, मनातल्या मनात पत्र लिहितो, त्यात मी इथे मजेत आहे अशा थापा मारतो. आणि शेळ्यांना नावं देतो, आपल्या गावातल्या माणसांची: पोच्चक्कारी रमणी, मेरी मैमुना, अरावु रावुत्तर. डोळ्यांसमोर जन्मलेल्या एका पिल्लाला तो नबील म्हणतो. घरी बाळ होणार आहे, मुलगा झाला तर ठेवायचं ठरवलेलं तेच नाव. पुढे मालक त्या पिल्लाला खच्ची करतो. ते पान मी दोनदा वाचू शकले नाही. वाळवंटात नजीबने आपलं सगळं गाव वसवलं आहे, आणि आता कळतं की तेसुद्धा मालकाच्याच हातात आहे.

सिनेमाने हा धागा फारच आखडता घेतला. ब्लेसींनी शब्दांच्या जागी पाणी ठेवलं, केरळातली नदी ठेवली, रहमानचं संगीत ठेवलं, नटाचं झिजणारं शरीर ठेवलं. त्यांच्या कष्टांपुढे मी हात जोडते. २०२० मध्ये टाळेबंदीत ही मंडळी जॉर्डनच्या वाळवंटात अडकून पडली होती. पण नजीब मुका झाला. अरबी त्याला येत नाही, शेळ्यांना नावं नाहीत, अल्लाशी भांडणाची खुमारी नाही. माझ्या दिरांना जाणवलेली संथपणाची जागा हीच.

भाची म्हणते, मुकेपणा हेच तर त्या छळाचं खरं रूप. तिचा मुद्दा मला थोडा पटतो. पण एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. उत्तरार्धात नजीब, त्याच्याबरोबर केरळातून आलेला हकीम आणि तिथलाच आणखी एक कामगार इब्राहिम खादिरी असे तिघं पळून निघतात. कितीतरी वेळ फक्त चालणं आहे, वाळू आणि पावलं, यापरतं दुसरं काही नाही. घटना मोजल्या तर तो सगळ्यांत संथ भाग. आणि तिथे माझे दीर खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. झाकणांचे आवाजही थांबले होते. का? आता तिघं होते. कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. हकीम कोसळतो तेव्हा मागे कुणी बाई मोठ्याने "अरे देवा" म्हणाली.

आणखी एक पुरावा. ब्लेसींनी वाळवंट चित्रित केलं ते मुख्यतः जॉर्डनमधल्या वादी रममध्ये. 'द मार्शियन' या २०१५ च्या सिनेमातला मंगळही त्याच वादी रममध्ये चित्रित झालेला. तोही कादंबरीवरून, तिथेही माणूस एकटाच मागे राहिलेला, आणि मंगळावर तर शेळीसुद्धा नाही. पण कादंबरीतली त्याची रोजनिशी सिनेमाने कॅमेऱ्यासमोरच्या बोलण्यात उतरवली. तो बटाटे लावतो आणि त्याबद्दल आपल्याशी बोलतो. तो सिनेमाही अडीच तासांच्या आसपासचा, पण त्याला संथ म्हणणारं मला कुणी भेटलेलं नाही. वाळू तीच. फरक एवढाच की एकाचं बोलणं टिकलं आणि दुसऱ्याचं गेलं.

पुरात आम्हाला तिसऱ्या दिवशी होडीतून पाणी मिळालं. बेनकडे आधी गेलं. त्यांनी पहिली बाटली उंच धरून आमच्या दिशेने हलवली आणि ओरडल्या, "आवी गयुं!" मी अजून प्यायले नव्हते, तरी घसा ओला झाल्यासारखं वाटलं.

माझे दीर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. भाऊजी, ही प्रत माझी स्वतःची आहे, ग्रंथालयाची नाही, म्हणून शिक्का नाही. पंधरा दिवसांनी परत द्या. शेळ्यांची नावं जिथे सुरू होतात त्या पानावर मी लाल दोरा ठेवला आहे.