मागीलदारी, एकास एक

(दृश्य: गुहागर. रस्ता, कौलारू घरं, घरांमागे नारळी-पोफळीचं आगर, शेवटी समुद्र.)

गुहागरात घराच्या मागीलदारी आलं की आगर सुरू होतं. माड, पोफळी, मध्येच एखादं जायफळाचं झाड, कडेनं चिऱ्याचा गडगा. आगर संपलं की समुद्र. पाहुणे सरळ समुद्राकडे चालू लागतात. आपला कॅमेरा आज गडग्यापाशीच थांबणार आहे, तिथले बारके जीव टिपायला.

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की ओल्या मातीतून मृगाचे किडे वर येतात. लालभडक, अंगभर मखमल. पाय मोजा, आठ भरतील. म्हणजे नात्यानं हा कोळ्या-विंचवांच्या घरचा. आणि पाऊस जिथे पोचत नाही त्या वळचणीखालच्या भुसभुशीत मातीत नरसाळ्याच्या आकाराचे खड्डे दिसतात. तळाशी मुंगीसिंहाची अळी मातीत दडून बसलेली असते. काठावरून एखादी मुंगी घसरली की अळी डोक्यानं मातीचे कण उडवते, आणि मुंगी तिच्या जबड्यापर्यंत ओघळत येते. एवढा सगळा प्रकार रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत.

(दृश्य: लेन्सचं तोंड, समोर आंब्याचं पान.)

हे टिपायचं तर मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून, मोठं करून काढलेला फोटो. प्राणी प्रत्यक्षात जेवढा, तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, पडली की ते झालं एकास एक. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे ६ मिलिमीटरचा किडा चौकटीच्या रुंदीचा सहावा हिस्सा व्यापतो. यासाठी मॅक्रो लेन्स उत्तमच, पण सुरुवातीला ती नसली तरी अडत नाही. ५० मिलिमीटरची साधी लेन्स उलटी बसवायची रिंग मिळते, कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ नळ्या, म्हणजे एक्स्टेंशन ट्यूब, मिळतात, मोबाइलवर चिमट्यानं लावायच्या छोट्या लेन्सही मिळतात. माझं स्पष्ट मत आहे, पहिलं वर्ष यावरच काढावं.

खरी अडचण पुढे येते. एकास एकला, लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं बारीक ठेवूनही, रेखीव दिसणारा भाग जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. डोळे रेखीव आले तर पोट धूसर. छिद्र आणखी बारीक करत गेलं तर एका मर्यादेनंतर सगळंच चित्र मऊ पडतं. शिवाय एवढ्या जवळून सेन्सरपर्यंत पोचणारा प्रकाश चौथाईवर येतो. त्यात आगरातली सावली आणि पावसाळी आभाळ. म्हणून फ्लॅश लागतोच. कमी ताकदीवर तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ पेटतो, त्यामुळे हात थरथरला, पान हललं, तरी निभावतं. मात्र उघडा फ्लॅश किड्याच्या चकचकीत पाठीवर पांढरे डाग पाडतो. फ्लॅशपुढे बटर पेपर किंवा पॅकिंगचा पातळ पांढरा फोम कमानीसारखा वाकवून लावा आणि तो किड्याच्या जमेल तितका जवळ आणा. किड्याच्या बाजूनं बघितलं तर प्रकाश जितका मोठ्या जागेतून येईल तितकी सावली नरम. फोकसची रिंग फिरवत बसू नका. अंतर ठरवून घ्या, कोपरं अंगाशी घट्ट धरा आणि श्वास सोडताना अंगच केसभर पुढेमागे करा. डोळे चमकले की बटण.

(दृश्य: आंब्याची फांदी. पानं शिवून केलेलं मुंग्यांचं घरटं.)

आता या आगरातला माझा सगळ्यात आवडता मुक्काम. आंब्यावरच्या तांबड्या विणकर मुंग्या. कामकरी मुंग्या पानांच्या कडा ओढून धरतात, आणि घरच्याच अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमानं पानं सांधतात. चावल्या की झोंबतात, त्यामुळे पुष्कळसे शिकारी त्यांच्या वाटेला जात नाहीत. या दराऱ्याचा फायदा उठवणारा एकजण त्यांच्याच आसपास वावरतो.

फांदीवरून मुंग्यांची रांग चाललीय. त्यातली एक जरा वेगळी. रांगेत शिरत नाही, मुंगी जवळ आली की बाजूला होते. लेन्समधून बघा. रंग तोच, कंबर तशीच बारीक, पुढे दोन मिशा हलताहेत. पण त्या मिशा नव्हेत, पुढचे दोन पाय उचलून धरलेत. उरलेल्या सहांवर चाल. धडाचा पुढचा भाग मधोमध असा आवळलेला की डोकं आणि छाती वेगळी वाटावी. आणि तोंड आपल्याकडे वळलं की समोर दोन मोठे काळेभोर डोळे. हा उड्या मारणारा कोळी, मुंगीचं सोंग घेतलेला. नराचे जबडे तर इतके लांब, की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून निघालीय असा भास व्हावा. फांदीला धक्का लागला की तो धाग्यावरून खाली लोंबतो. मुंगी असं कधी करत नाही. याला शोधायची हीच सोपी खूण.

संध्याकाळी वांग्याच्या वाफ्याकडे वळा. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्यांचे नर दिवस मावळताना वाळक्या काडीला जबड्यानं चावा घेऊन लटकतात आणि तसेच झोपतात. पहाटे त्यांच्या अंगावर दव असतं, ऊन लागेपर्यंत ते हलत नाहीत. किडे फ्रीजमध्ये गारठवून फोटो काढणारेही आहेत; मला ते अजिबात मान्य नाही. काडी माहीत असली, वेळ माहीत असली, की जीव आपणहून स्थिर सापडतो.

इथली दमट, खारी हवा लेन्सला बुरशी आणते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, याला पर्याय नाही.

(दृश्य: संगणकावर कोळ्याचे तीन फोटो शेजारी-शेजारी.)

आणि समोरून आलेला चेहरा कितीही देखणा असो, जात ठरवायला तो पुरत नाही. एक फोटो वरून, एक बाजूनं, एक समोरून. कोणतं झाड, जवळपास कोणत्या मुंग्या, तारीख आणि गाव. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना एवढं सोबत द्या, म्हणजे जाणकारांना ओळख पटवणं सोपं जातं.