तरोटा का उरतो?

मागच्या खुर्च्या रिकाम्या ठेवून दारात उभं राहायची आपली सवय मला ठाऊक आहे. बसून घ्या. तर्री-पोह्यांचा वास मलाही येतोय, पण ‘जनावरं खाणार नाहीत अशी बाग’ या विषयावर मला चाळीस मिनिटं दिली आहेत आणि मी ती घेणार आहे.

निवृत्तीनंतर देवलापारच्या बाजूला अर्धा एकर घेतला. पेंचचं जंगल जवळ, हवा छान, आणि डोक्यात एकच खूळ : घरासमोर हिरवा गालिचा हवा. कोरियन लॉन अंथरलं, कडेनं पोपटी पानांचं शोभेचं रताळं लावलं. नर्सरीवाल्याला विचारलं होतं, जनावरं खातील का? तो म्हणाला, “हे शोभेचं आहे जी, खायचं नाही.” ही सूचना चितळांना कोणी वाचून दाखवली नव्हती. आठ दिवसांत रताळ्याचे नुसते देठ उरले.

मी आधी सशावर आळ घेतला. पण सशाचा दात चाकूसारखा चालतो, देठ तिरका साफ कापला जातो. इथे देठ ओढून फाडलेले होते. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते झाड कापत नाही, ओरबाडतं. मग शेजाऱ्याच्या शेळ्यांवर संशय घेतला, भांडणही झालं. शेळीलाही वरचे पुढचे दात नसतात हे नंतर कळलं, तोवर शेजाऱ्यानं बोलणं सोडलं होतं. (हसू नका, अजून बोलत नाही.)

मग उपाय सुरू झाले. न्हाव्याकडून केसांचं पोतं आणून पसरलं. साबणाच्या वड्या टांगल्या. चौकीदाराचा ट्रान्झिस्टर रात्रभर चालू ठेवला. तिसऱ्या रात्री बॅटरी मारली तर सहा चितळं लॉनवर बसून जुनी गाणी ऐकत रवंथ करत होती. चौकीदार म्हणाला, “साहेब, तुमी ताट वाढून ठेवलं, अन् पावन्याले म्हन्ता जेवू नका.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मला गावच्या गायरानावर घेऊन गेला. गुरं परतत होती. जमीन घोटल्यासारखी साफ, आणि त्यात ताठ उभे तीनच मानकरी : तरोटा (म्हणजे टाकळा), रुई आणि बेशरम. “हे पाहा. जे उरते, थे लावा.” माझं आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्यात आहे. परदेशी बागांच्या याद्या मोबाईलवर शोधण्यापेक्षा चरून झालेलं रान वाचा. गंमत म्हणजे हिरव्या तरोट्याला गाय तोंड लावत नाही आणि आपण पहिल्या पावसात त्याचीच कोवळी भाजी करतो!

कोणीतरी रोह्याचं विचारलं. रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय, पण ती गाय नाही आणि हरीणही नाही; कुरंगांत, म्हणजे अँटिलोपांत मोडते. चितळाची शिंगं गळून पुन्हा येतात, रोह्याची कायम राहतात. काटोलकडच्या संत्रावाल्यांना यात रस नसेल, त्यांना फक्त...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मग भराभर सांगतो.

जनावर चार गोष्टी टाळतं : उग्र वास, कडू किंवा विषारी रस, लव आणि काटा. वास आणि लव दोन्ही एकत्र हवे असतील तर पानओवा. जमिनीलगत पसरतो, फांदी खोचली की लागते. फक्त मे महिन्यात दुपारची सावली द्या, आपलं पंचेचाळीस अंश त्याला सोसत नाही. भर उन्हासाठी सदाफुली. तिच्यातल्या कडू अल्कलॉइडांपासून कर्करोगाची औषधं होतात, गुरं तिला हुंगून पुढे जातात. झाडाखाली रिओ, पानं वरून हिरवी, खालून जांभळी, रस खाजरा. वाफ्याच्या कडेला रेन लिली, कंद विषारी, पाऊस पडला की फुलते. उतारावर माती धरायला गवती चहा. घाणेरी मात्र जंगलाच्या काठाला लावू नका, हात जोडतो; तिनं आधीच जंगलं गिळली आहेत. बेशरमही नको, ती पाण्याकाठी पसरली की आवरत नाही. पोर्टुलाका आणि लॉन लावायचंच असेल तर चितळांसाठी म्हणून लावा.

‘खात नाही’ म्हणजे ‘आवडीनं खात नाही’. एप्रिल-मेत रान वाळलं की भुकेलं जनावर काहीही चाखून पाहतं. त्यातून नर्सरीतलं रोप युरिया घालून लुसलुशीत केलेलं असतं. म्हणून लागवड पाऊस धरल्यावर करा, पहिलं वर्षभर बाभळीच्या काट्या टाका आणि खत हात राखून द्या.

घंटा वाजली. पानओव्याच्या फांद्या दाराशी पिशवीत ठेवल्या आहेत, दोन-दोन घ्या. पिशवी तेवढी परत द्या, घरच्यांची आहे.