तट्टू आणि आपला आग्रह

(उत्तर इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या एका रविवारच्या बैठकीत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. ओळख करून देताना मला 'घोडेवाल्या काकू' म्हटलं गेलं. मान्य आहे, पण माझे घोडे माझ्या कमरेपर्यंतच येतात. दोघं आहेत, बटाटा आणि लवंग. दोन्ही शेटलंड जातीची, त्यातही मिनिएचर मापाची. तेरा वर्षं झाली त्यांना आणून. तुमच्यापैकी दोन-तीन घरांत सध्या 'आपणही एक आणू या का' अशी चर्चा चालू आहे असं कळलं, म्हणून मला बोलावलंय.

आधी माप सांगते. शेटलंड पोनी मान जिथं पाठीला मिळते तिथपर्यंत मोजतात आणि ती उंची जास्तीत जास्त ४२ इंच. चार वर्षांचं झाल्यावरही जे ३४ इंचांच्या आत राहतं ते मिनिएचर. म्हणजे साधारण जेवणाच्या टेबलापेक्षा थोडं उंच. त्यामुळे माणसं त्याच्याकडे मोठ्या कुत्र्यासारखी बघतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो. ते अंगानं लहान असतं, पण पोट, खूर, दात, भीती, कळपाची ओढ, सगळं पुरेपूर घोड्याचं.

हे इतकं लहान झालं कसं, ते समजलं की पाळायचं कसं हेही निम्मं समजतं. शेटलंड बेटं स्कॉटलंडच्याही वर, ६० अंश उत्तरेला. झाडं जवळजवळ नाहीत, वारा थांबत नाही, गवत खुरटं. हे तट्टू शेकडो पिढ्या त्या माळावर उघड्यावर राहिलं. हिवाळ्यात खायला काही उरलं नाही की समुद्रकिनाऱ्यावर उतरून वाहून आलेलं शेवाळ खायचं. जे थोडक्यात भागवेल ते जगलं. आपल्याकडच्या भीमथडीच्या तट्टांचीही हीच ख्याती होती ना, मूठभर चंदीवर कोसच्या कोस तुडवायचं? तशीच ही काटकसरीची जात, फक्त थंडीतली.

मग १८४२ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला. बायका, मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे यांना कोळशाच्या खाणीत खाली उतरवायला बंदी आली. त्यांच्या जागी कोण गेलं? ही तट्टं. आपण राहतो त्या भागाच्या जमिनीखालीसुद्धा. १८७०च्या सुमारास लंडनडेरीचा मार्क्विस या उमरावानं शेटलंडमधल्या ब्रेसे आणि नॉस या बेटांवर खास खाणींसाठी पैदास सुरू केली. पाय आखूड हवेत, छाती रुंद हवी, बोगद्यात मावायला हवं. १९१३ साली ब्रिटनच्या खाणींत लहान-मोठे मिळून ७०,००० घोडे होते. इथून जवळच्या एलिंग्टनच्या खाणीतून शेवटची तट्टं वर आली ती १९९४मध्ये. त्या वर्षी माझं लग्न झालं. इतक्या अलीकडची गोष्ट आहे ही.

तर असा हा उपाशीपोटी घडलेला आणि कष्टावर पोसलेला प्राणी. त्याला आपण आणतो आणि हिरव्यागार, खत घातलेल्या इंग्लिश कुरणात सोडतो. वर काम काहीच नाही. आपल्याकडे मुलांना घालायचं ते कोडं आठवतं का? भाकरी का करपली, घोडा का अडला, पानं का सडली? न फिरवल्यामुळे. अगदी तस्सं.

आता बटाट्याची गोष्ट. तो आला तेव्हा पाच वर्षांचा होता, माझी मुलगी सहाची. पहिल्या उन्हाळ्यात माझी आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आली. ती रोज सकाळी शालीखाली काहीतरी लपवून कुरणाकडे जायची. मला वाटायचं, फिरायला जाते. ती पोळीला गूळ लावून, सुरळी करून बटाट्याला द्यायची. "बिचारं, गवत खाऊन खाऊन कंटाळत असेल."

मे महिन्यातल्या एका सकाळी तो हलेना. पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभा होता. तापलेल्या डांबरावर अनवाणी उभं राहिलेलं माणूस कसं टाचांवर जातं, तसा. खुराला हात लावला तर ऊन लागला. खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला बोट ठेवलं तर नाडी ठणठण उडत होती. एरवी ती शोधावी लागते. याला लॅमिनायटिस म्हणतात. खुराच्या आतलं हाड आणि बाहेरचं कवच यांना जोडून ठेवणारे नाजूक पदर असतात, ते सुजतात. फार वाढलं तर हाड आतल्या आत फिरतं, तळव्याच्या दिशेनं. मग पुष्कळदा जनावराला कायमचं झोपवावं लागतं.

डॉक्टर आले. काय खायला घालता, विचारलं. आईनं प्रामाणिकपणे कबूल केलं, मी भाषांतर केलं. 'गूळ म्हणजे काय?' मी म्हटलं, साखरच, पण घरची. ते हसले नाहीत. त्यांनी मला कुरणाकडे बोट करून दाखवलं. खरा दोष त्या दोन पोळ्यांपेक्षा माझा होता. वसंतातल्या कोवळ्या गवतात साखर भरपूर असते आणि मी अख्खं कुरण दिवसरात्र त्याला मोकळं सोडलं होतं. खाऊ दे की, कुणाचं काय जातंय, असं म्हणून.

आईनं लगेच उपाय काढला. लंघन! आपल्याला दोनच गोष्टी येतात बघा, आग्रह करकरून वाढणं आणि कडकडीत उपास. इथं दोन्ही चालत नाहीत. लठ्ठ शेटलंडला एकदम उपाशी ठेवलं की अंगातली चरबी रक्तात इतकी उतरते की रक्त दुधाळ दिसायला लागतं, यकृत निकामी होतं, आणि त्यातून फार थोडी वाचतात. म्हणून तट्टानं दिवसभर चाऱ्याला तोंड लावलं नाही तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

मग करायचं काय? मोजून घालायचं. बटाटा ९० किलोचा. त्याला दिवसाला सुमारे दीड किलो वाळलेलं गवत, तेही ताणकाट्यावर तोलून, पाण्यात भिजवून. भिजवल्यानं त्यातली थोडी साखर निघून जाते. ते पाणी गटारात ओतायचं. कुरणाच्या कडेनं कुंपणाची एक गल्ली केली आहे, तिच्यातून चालत राहिलं की चरण्यापेक्षा चालणं जास्त होतं. आणि चरायला सोडताना तोंडाला मुसकं. मळणीच्या वेळी बैलांना बांधतात ना, तेच, फक्त खाली एक भोक असलेलं, म्हणजे चार काड्या मिळतात. येणारेजाणारे मला क्रूर म्हणतात. शेजारचे आजोबा प्रेमानं लॉन कापल्यावरचं गवत कुंपणावरून टाकायचे. ते ढिगात लगेच आंबतं आणि घोड्याला ओकता येत नाही. पोटशूळ उठून जीव जातो. त्यांना समजवायला मला दोन वर्षं आणि बऱ्याच चकल्या लागल्या.

दुसरी गोष्ट, एक आणायचंच नाही. बटाटा आम्ही एकटा आणला. विकणाऱ्यानं सांगितलं, राहील एकटा, माणसांची सवय आहे. पहिल्या रात्री तो कुंपणाला धरून येरझारा घालत खिंकाळत राहिला, दुसऱ्या रात्रीही. आठवड्यानं कुंपणाच्या आतून पायवाट पडली होती. माणूस त्याला दिवसातून दोन तास मिळतं. उरलेले बावीस? लवंग आली आणि दहा मिनिटांत दोघं एकमेकांची पाठ दातांनी खाजवत उभी. तेव्हा 'एक तट्टू परवडेल का' हा हिशेब मांडूच नका, दोनांचा मांडा. जागेचं भाडं, दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासायला नालबंद, दातांची तपासणी, धनुर्वाताची लस. शिवाय प्रत्येक घोड्याला पासपोर्ट लागतो आणि ऑक्टोबर २०२०पासून इंग्लंडमध्ये मायक्रोचिपही सक्तीची आहे.

बसायचं म्हणाल तर विसरा. घोड्यानं स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त उचलू नये, खोगीर धरून. ९० किलोचा पाचवा हिस्सा १८. सहा वर्षांचं मूल त्याच्या पुढे गेलेलं असतं. माझी मुलगी बटाट्यावर कधीच बसली नाही. ती त्याला दोरीनं धरून रानात फिरवायची, ओंडक्यांवरून उड्या मारायला शिकवायची, खरारा करायची. हिवाळ्यातली ती केसांची गादी एप्रिलमध्ये गळायला लागली की आमच्या अंगणातल्या सगळ्या घरट्यांत बटाट्याचे केस.

निवडताना? मालकाला सांगा, मी येईपर्यंत बांधून ठेवू नका, माझ्यासमोर कुरणातून पकडून दाखवा. अर्धी पारख तिथंच होते. मानेचा वरचा काठ दाबून बघा. टणक लागला तर ते लठ्ठ आहे आणि खुरांचं दुखणं जवळपासच आहे. पाय उचलून बघा, उचलू देतं का तेही बघा. लहान तट्टू चावलं की लोक हसतात, मोठं चावलं तर कुणी हसत नाही, म्हणून ही लहान बरीचशी बिघडलेली असतात. आणि 'सर्वांत छोटं' मागू नका. त्या हव्यासापायी बुटकेपणाचे दोष असलेली पिल्लं पैदा होतात, जबडा आखडतो पण दात तेवढेच राहतात, पाय वाकतात. आईबापांची जनुकीय तपासणी झाली आहे का, विचारा.

वयाचाही हिशेब करा. ही तिशीपर्यंत सहज जगतात. माझी मुलगी आता विद्यापीठात आहे. बटाटा अठरा वर्षांचा. मुलीसाठी आणलेलं तट्टू पुढची बारा वर्षं माझं आहे, माझ्या कुरकुरत्या गुडघ्यांसकट.

आई आता ऐंशीची आहे, इकडे येणं होत नाही. रविवारी फोन करते, पहिला प्रश्न जावयाचा नसतो. "बटाटा जेवला का गं?" मी कुंपणापाशी उभी असते, त्याच्या तोंडाला मुसकं असतं, दीड किलोतलं शेवटचं गवत त्यानं तासापूर्वीच संपवलेलं असतं आणि तो माझ्या खिशाकडे बघत असतो. "हो आई," मी सांगते, "पोटभर."