टेप घेऊन लॅब मोजणाऱ्या बाई, आणि कॅम्पसवरचे पुरस्कार

मार्च आला की अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये एक छोटासा कार्यक्रम असतो. कॅम्पसवर बायकांसाठी ज्यांनी काही केलंय त्यांना पुरस्कार. एखादे प्राध्यापक, एखादी स्टुडंट, ऑफिस स्टाफमधलं कुणीतरी, ट्रॉफी, टाळ्या, ग्रुप फोटो, झालं. पण स्टेजवर जे मानपत्र वाचतात ना, ते कान देऊन ऐकावं. बाळाला दूध पाजायला एक स्वतंत्र खोली मिळावी म्हणून कुणी महिनोन्‌महिने फायलींच्या मागे फिरलेलं असतं, कुणी सगळ्या डिपार्टमेंटचे पगार शेजारीशेजारी मांडून फरक दाखवलेला असतो, छळाची तक्रार करणाऱ्या मुलीसोबत कुणी प्रत्येक सुनावणीला जाऊन बसलेलं असतं. आणि यातलं एकही काम बहुतेक वेळा त्या माणसाच्या ड्युटीत लिहिलेलं नसतं, म्हणजे लेक्चर, रिसर्च, ऑफिस सगळं सांभाळून वर हे.

ही फुकटची कामं करणाऱ्यांत एक नाव घ्यावंच लागतं, बर्निस सँडलर. १९६९ साल, मेरीलँड युनिव्हर्सिटीची डॉक्टरेट हातात, त्याच डिपार्टमेंटमध्ये सात जागा रिकाम्या, आणि यांचा एकाही जागेसाठी विचार नाही. का, तर एका सहकाऱ्याने तोंडावर सांगितलं की बाई म्हणून तुम्ही जरा जास्तच जोरदार वाटता. त्या घरी जाऊन वाचत बसल्या आणि एका सरकारी रिपोर्टच्या तळटीपेत त्यांना हवं ते सापडलं: सरकारी कंत्राट घेणाऱ्याला स्त्री-पुरुष भेदभाव करता येत नाही. आता युनिव्हर्सिट्या तर केंद्र सरकारची कंत्राटं घेतातच की! मग काय, १९७० पासून साधारण अडीचशे कॉलेजं-युनिव्हर्सिट्यांवर तक्रारी ठोकल्या. पुढे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, एडिथ ग्रीन, पॅट्सी मिंक वगैरे खासदारांनी विषय लावून धरला आणि २३ जून १९७२ ला सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणाऱ्या 'टायटल नाइन' कायद्यावर सही झाली. आज हा कायदा म्हटला की लोकांना मुलींचे स्पोर्ट्स आठवतात, पण भांडणाची सुरुवात नोकरीवरून होती.

कायदा आला म्हणजे सगळं सुरळीत, असं वाटत असेल तर पुढची गोष्ट ऐका.

अमेरिकेतलीच एमआयटी युनिव्हर्सिटी, १९९३ च्या आसपास. नॅन्सी हॉपकिन्स, मॉलिक्युलर बायॉलॉजीच्या प्राध्यापक, १९७३ पासून तिथेच. झेब्राफिशवर काम सुरू करायचं होतं, माशांच्या टाक्यांसाठी २०० स्क्वेअर फूट जागा मागितली, मिळेना, मागून मागून थकल्या तरी मिळेना. मग बाईंनी सरळ मेझरिंग टेप उचलली आणि रात्री सगळे घरी गेले की एकेक लॅब मोजत सुटल्या. आकडे काय निघाले तर त्यांच्याकडे १,५०० स्क्वेअर फूट, सीनियर पुरुष प्राध्यापकांकडे साधारण ३,०००, आणि कालपरवा लागलेल्या ज्युनियर पुरुषांकडेसुद्धा २,०००. आता याला गैरसमज म्हणा, नाहीतर मनाचे खेळ म्हणा, टेपला त्याचं काही नसतं.

त्यांनी एकटीने तक्रारीचं पत्र लिहिलं, मग एका सहकारी बाईंना दाखवलं, वाटलं होतं ती म्हणेल जाऊ दे गं, तर ती म्हणाली मीपण सही करते. १९९४ मध्ये तिथल्या सायन्सच्या सहा डिपार्टमेंटमध्ये टेन्युअर, म्हणजे प्राध्यापकाची कायम नोकरी, असलेले पुरुष होते १९४ आणि बायका १५, त्यामुळे सगळ्यांना गाठायला काही फार वेळ लागला नाही. जवळपास सगळ्यांनी सही केली. कमिटी बसली, पगार, जागा, ग्रँट, कोण कुठल्या पदावर, सगळं तपासलं गेलं, आणि १९९९ मध्ये रिपोर्ट छापून आला. माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात विरळा गोष्ट पुढे घडली: एमआयटीचे प्रेसिडेंट चार्ल्स व्हेस्ट यांनी त्याच रिपोर्टच्या सोबत लिहून टाकलं की भेदभाव थोडा खरा असतो आणि थोडा वाटण्यातला असतो असं मी मानत होतो, पण खऱ्याचंच पारडं फार जड आहे हे आता मला कळलंय. संस्थेचा प्रमुख असं लेखी देतो, हे किती वेळा बघितलंय आपण?

हॉपकिन्स यांना या कामासाठी अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसचं पब्लिक वेल्फेअर मेडल मिळालं ते २०२४ मध्ये. रिपोर्टनंतर २५ वर्षांनी!

दरम्यान ब्रिटनने पुरस्कार माणसाला देण्याऐवजी संस्थेलाच द्यायचं ठरवलं. २००५ मध्ये युनिव्हर्सिट्यांमधल्या स्त्री-पुरुष समानतेसाठी अथीना स्वॉन चार्टर सुरू झाला, त्यात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे पुरस्कार. डिपार्टमेंटने आपलेच आकडे उघडे करायचे, मुली किती शिकतात, लेक्चरर किती होतात, प्रोफेसरपर्यंत किती पोचतात, मधे गळती कुठे, आणि ती थांबवायचा प्लॅन काय. पहिलं गोल्ड २००७ मध्ये यॉर्कच्या केमिस्ट्रीला मिळालं. तरी बरीच वर्षं सगळं निवांत चाललं होतं, आणि मग २०११ मध्ये इंग्लंडच्या चीफ मेडिकल ऑफिसर सॅली डेव्हिस यांनी सांगितलं की आरोग्य संशोधनाच्या मोठ्या सरकारी निधीसाठी मेडिकल स्कूलकडे सिल्व्हर पाहिजे. झालं, जिकडेतिकडे अर्ज भरायची धावपळ! पैशाला हात लागला की समानतेची तळमळ कशी अचानक वाढते बघा. आपल्याकडे विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये संस्थांसाठी 'गती' नावाचा कार्यक्रम सुरू केला तो याच धर्तीवर, फक्त मानगुटीवर निधीची अट न ठेवता.

पण हे अर्ज भरतं कोण? बहुतेक ठिकाणी बायकाच. शेकडो आकडे, सर्व्हे, मीटिंगा, पानंच्या पानं रिपोर्ट, आणि त्याच काळात शेजारच्या केबिनमधला माणूस आपला पेपर लिहून मोकळा. एमआयटीने २०११ मध्ये पुन्हा आढावा घेतला तेव्हा सायन्स आणि इंजिनिअरिंगमधल्या प्राध्यापक बायका जवळपास दुप्पट झाल्या होत्या हे खरं, पण नवीन तक्रार अशी की प्रत्येक कमिटीवर एक तरी बाई हवीच असा नियम पडला, बायका मुळात मोजक्या, म्हणून त्याच त्या बायका सगळ्या कमिट्यांवर. अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये छापलेले प्रयोगही हेच सांगतात. ग्रुपमध्ये कुणीतरी एकाने करायचं असं बिनफायद्याचं काम असेल, तर मिक्स ग्रुपमध्ये बायका जास्त वेळा पुढे होतात. पण नुसत्या बायकांचा ग्रुप आणि नुसत्या पुरुषांचा ग्रुप केला तर हा फरकच राहत नाही. म्हणजे बायकांना अशी कामं आवडतात वगैरे काही नाही, त्या करतील हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं.

म्हणून ट्रॉफीबद्दल माझं थोडं वाकडं मत आहे. ट्रॉफी द्या, जरूर द्या, पण प्रमोशनच्या फायलीत त्या कामाला किती मार्क आहेत तेही त्याच स्टेजवरून सांगा, नाहीतर पुढच्या वर्षीच्या कमिटीवर त्याच बाईंचं नाव पहिलं असणार, कारण आता तर त्या पुरस्कारप्राप्त!

ब्रिटनमध्ये अर्जाच्या ओझ्याबद्दल इतकी ओरड झाली की २०२० मध्ये मेडिकल निधीची ती अट काढून टाकली आणि पुढच्या वर्षी चार्टरची प्रक्रिया सुटसुटीत करायला घेतली. अर्ज करणाऱ्या माणसाचं त्या सेमिस्टरला एखादं लेक्चर कमी करायचं का, ते मात्र ज्याचं त्याचं डिपार्टमेंटच ठरवतं.