भिंत की खंदक?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘तेर आणि पैठणच्या जमिनीखाली काय?’ दोन्ही सातवाहनकाळातली जुनी गावं. तिकडे येतोच. पण वाटेत ट्रॉय लागतं, आणि ते मला टाळवत नाही.

ट्रॉय म्हणजे तुर्कस्तानातलं हिसार्लिक. 1870च्या दशकात श्लीमन नावाच्या जर्मन हौशी उत्खननकारानं त्या टेकडीच्या पोटातून भलामोठा चर काढला आणि ग्रीक कवी होमरच्या युद्धकथेतलं शहर शोधता शोधता नेमके त्याच काळाचे काही थर खणून फेकले. या माणसावर मी तासभर बोलू शकतो, आज सोडतो. 1988 पासून पुरातत्त्वज्ञ मानफ्रेड कोर्फमान यांनी तिथं पुन्हा काम सुरू केलं. बालेकिल्ला जेमतेम 200 मीटर लांब. तेवढ्यासाठी कथेतला दहा वर्षांचा वेढा? खाली वस्ती असणारच. पण एवढ्या शेतांत खणायचं कुठं?

म्हणून मॅग्नेटोमीटर, म्हणजे न खणता जमिनीवरून चालत चुंबकीय फरक मोजणारं यंत्र. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण 50,000 नॅनोटेस्ला. गाडलेल्या अवशेषानं पडणारा फरक कधी कधी दहाचाही नसतो. त्यामुळे चालणाऱ्यानं पट्टा, किल्ल्या, मोबाईल सगळं लांब ठेवायचं. मोबाईल म्हटल्यावर आमचे निम्मे स्वयंसेवक गळतात. तर 1992 मध्ये बालेकिल्ल्याच्या दक्षिणेला, सुमारे 400 मीटरवर, नकाशात ठळक पट्टा उमटला. जळलेल्या कच्च्या विटांची तटबंदी! तसं छापूनही आलं.

1993 मध्ये खणलं, तर खडकात कोरलेला खंदक.

हसू नका. वीट भाजून थंड होताना तिच्यातले लोहकण चुंबकीय होऊन बसतात. खंदकात वरची माती भरली, की तीही भोवतालच्या चुनखडीपेक्षा जास्त चुंबकीय. यंत्राला फरक तेवढा कळतो, भिंत आपण म्हणतो. माझं दुखणं हेच आहे. रंगीत नकाशा पडद्यावर आला, की लोक त्याला फोटो समजतात. एका सभेत लाल रेघ दाखवली, तर पुढच्या रांगेतले गृहस्थ म्हणाले, ‘राजमार्ग!’ शेतकऱ्याची लोखंडी पाइपलाइन होती ती.

कोर्फमान म्हणाले, खंदक आहे म्हणजे त्याच्या आत राखण्याजोगं शहर आहे. 2001 मध्ये यावर त्यांच्याच ट्युबिंगेन विद्यापीठातल्या फ्रांक कोल्ब या इतिहासकारानं असा वाद घातला, की पार वर्तमानपत्रं भरली. एकाच विद्यापीठातले दोघे. पुणेकरांना जास्त सांगायला नको.

चिठ्ठी आली. बरं, तेर-पैठण भराभर. आपला बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ, स्वतःच चुंबकीय. त्याच्या दगडगोट्यांच्या गोंगाटात सातवाहनकालीन विटा ऐकू येणं कठीण. जमिनीत सोडलेल्या रडारच्या लहरी ओल्या काळ्या मातीत फार खोल जात नाहीत. उरते विद्युतरोधकता: जमिनीत सळ्या रोवा, वीज सोडा, विरोध मोजा. तेही भर उन्हाळ्यात नको, भेगाळलेल्या जमिनीत सळई नीट टेकत नाही. पावसाळा सरल्यावर, थोडी ओल असताना करा. पैठणला जुन्या वस्तीवर आजचं गाव बसलंय. नळ, पत्रे, तारा. तिथं कडेच्या मोकळ्या शेतांपासून सुरुवात. आणि अंदाजपत्रकात चाचणीखड्ड्याचे पैसे आधी लिहा, यंत्राचं भाडं नंतर.

हं, मागचे काका, विचारा.