चुकीचा पाय पुढे येतोय? आधी ती बादली उचला!

नमस्कार मंडळी! मुलांच्या चेंडू फेकण्यावरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्यांदा आलाय की आज त्यावरच बोलू. ‘सर, मूल उजव्या हाताने फेकतं आणि उजवाच पाय पुढे टाकतं. काय करू?’ एका ताईंनी लिहिलंय, ‘शंभरदा ओरडून सांगितलं, डावा पाय, डावा पाय! ऐकतच नाही.’ ताई, ऐकतंय हो ते. पण त्या जिवाने चेंडू सांभाळायचा, समोर बघायचं, हात मागे न्यायचा आणि त्यात डावा कुठला तेही आठवायचं? गोंधळणारच.

बाकीचं भराभर सांगतो, तुम्हाला माहीतच आहे. चेंडू बोटांत धरा, तळहातात कोंबू नका. समोरच्या भिंतीकडे तोंड नाही, न फेकणाऱ्या हाताचा खांदा. कोपर खांद्याच्या उंचीला. पाऊल टाका, कंबर वळवा, फेका, आणि फेकलेला हात अंगावरून पलीकडच्या मांडीपर्यंत जाऊ द्या. झालं. चेंडू मऊ आणि एका हातात मावणारा हवा, मोज्यांचा गोळासुद्धा चालतो. मोठा दिलात तर मूल दोन्ही हात लावणारच.

आता पाय. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पुढे, डावखुऱ्याचा उजवा. (हो, डावखुऱ्यांना विसरू नका, सगळ्या वर्गाला ‘डावा पाय’ म्हणून ओरडलात की ती बिचारी उलटं शिकतात.) विरुद्ध पाय पुढे टेकला की आधी कंबर वळते, मग खांदे, आणि हात सगळ्यांच्या मागून सपकन येतो. त्याच बाजूचा पाय आला तर कंबर आधीच वळून बसलेली असते, मग सगळा भार एकट्या दंडावर.

पण मूल ‘चुकतंय’ म्हणून घाबरू नका. 1938 साली मोनिका वाइल्ड या संशोधक बाईंनी मुलांच्या फेकीचे टप्पे मांडले. आधी पाय जागच्या जागी आणि नुसता हात, मग अंग वळायला लागतं, मग त्याच बाजूचा पाय पुढे येतो, आणि शेवटी विरुद्ध बाजूचा. म्हणजे उजवा पाय टाकणारं मूल खांबासारखं उभं राहणाऱ्याच्या पुढे गेलंय!

मग ते अडकतं कुठे? बादलीपाशी. दोन पावलांवर बादली, मागे पोरांची रांग, ‘नेम धरून टाका हं.’ मला हा खेळ बघवत नाही.

एक प्रयोग करा. आत्ता कागदाचा बोळा करून जवळच्या डब्यात टाका. पाय हलला? कंबर वळली? नाही ना! गरजच नव्हती. मग मुलाचा पाय का हलावा?

मुलाच्या बाजूने बघा. रांगेत इतका वेळ थांबून एकदा संधी मिळते, सगळे बघतायत. ते जोर काढून घेतं, कोपर अंगाशी चिकटवतं आणि चेंडू नुसता ढकलतं. बादलीत पडला की टाळ्या! म्हणजे शाबासकी कशाला मिळाली? न फेकण्याला.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, बादलीत अचूक टाकायची, पाय तसूभर हलवायची नाही. तिला भिंतीपासून पाच-सहा मीटरवर उभं केलं आणि एवढंच म्हटलं, ‘धडाम आवाज काढ.’ पहिले काही चेंडू भिंतीपर्यंत पोचलेच नाहीत. मग बुटाचा तळ खर्रकन घासला आणि डावा पाय पुढे आला. मी ‘पाय’ हा शब्दही उच्चारला नव्हता. सगळ्यांचा असा लगेच येत नाही. तेव्हा खडूने जमिनीवर एक पाऊल काढा आणि म्हणा, ‘यावर पाय देऊन फेक.’ पण जोर आधी, खडू नंतर.

‘मग नेम कधी शिकवायचा?’ पाय आपोआप यायला लागला की. तेव्हासुद्धा लक्ष्य मोठं आणि लांब ठेवा. लक्ष्य आलं आणि पाय गायब झाला तर मुलाला आणखी मागे न्या, भाषण देऊ नका.

आणि ते ‘मुलींना फेकता येतच नाही’ लिहिणारे दादा, तुमच्या घरी चेंडू कुणाच्या हातात जातो आणि किती वेळा, तेवढं बघा.

शेवटचं, सुरक्षेचं विचारलं होतं. प्रत्येकाला आपला चेंडू, सगळे एका रेषेत, सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला. हातातला फेकून झाला की जागेवरच थांबायचं. शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम आणायला जायचं, आणि शेवटचं मूल रेषेवर परत आल्याशिवाय पुढची फेक नाही. झेलण्याबद्दल विचारलेल्यांनो, तो वेगळा विषय आहे, वेगळा व्हिडिओ करतो. तोवर जोड्या लावून फेकाफेकी नको, समोरच्याला लागेल म्हणून मुलं पुन्हा हळूच टाकायला लागतात.