माळ्यावरच्या तबकड्या

श्रोतेहो, नमस्कार.

शाहू महाराजांच्या दरबारचे गवई उस्ताद अल्लादियाखाँसाहेब यांनी एकही रेकॉर्ड भरली नाही. जयपूर घराण्याची गायकी त्यांनी कोल्हापुरात रुजवली, पण त्यांचा आवाज आज ऐकायचा तो शिष्यांच्या गळ्यातूनच. म्हणून तर त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी जुन्या तबकडीच्या एका बाजूला मावतील अशा तीन-सव्वातीन मिनिटांत मांडलेल्या रागाचं एवढं मोल. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हे बहुतेकांना ठाऊक आहे.

आज मात्र बोलायचंय ते कुणाला ठाऊक नसलेल्या तबकड्यांबद्दल. १९३५ च्या सुमाराला मुंबईत 'यंग इंडिया' या छापाच्या रेकॉर्ड निघू लागल्या. मोठ्या कंपन्या नामवंतांच्या मागे असताना इथे नवख्या, हौशी गायकांनाही जागा मिळाली. भजनं, पोवाडे, नाट्यपदं, विनोदी संवाद, काय वाट्टेल ते! यातलं कितीतरी पुढे ना कॅसेटवर आलं, ना सीडीवर. अशी तबकडी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर असेल, नाहीतर लक्ष्मीपुरीच्या बाजारात जुन्या सामानाखाली. तिच्यावरचं नाव ओळखीचं नाही, एवढ्यासाठी ती खाली ठेवू नका. उलट तीच आधी उचला.

उचलताना कडेला धरा. दहा इंची तबकडी साधारण दोनशे ग्रॅमची, लाख, दगडाची पूड आणि काजळी यांची बनलेली. नखानं टिचकी मारली की काचेसारखा टणक आवाज येतो. आवाज फुटका आला तर कुठेतरी तडा आहे. मग ती उजेडात तिरकी धरा. खाचा काळ्याभोर चमकत असतील तर उत्तम. राखाडी पट्टा दिसला तर झिजलेल्या सुईनं खाच खाल्लेली आहे, तिथला आवाज आता परत येणार नाही. नुसता केसासारखा तडा असेल तर मात्र नाक मुरडू नका. दर फेरीला टक् असा आवाज येईल, पण गाणं मिळेल.

आता धुण्याचं. सर्वांत मोठी चूक इथेच होते. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका! लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि कापसाला काळा रंग लागलेला दिसतो तो मळ नसतो, ते गाणं असतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तबकडीवर पांढरे बुरशीचे ठिपके येतात. ते आधी घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून, कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. मग एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे दोन-तीन थेंब घाला आणि ब्रश खाचांच्या दिशेनं गोल फिरवा, आडवा कधीच नाही. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. तबकडी पाण्यात बुडवून ठेवू नका, तड्यातून पाणी आत शिरलं की आतला भराव फुगतो. साध्या डिस्टिल्ड वॉटरनं पुसून घ्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं टिपा आणि सावलीत उभी वाळवा. उन्हात ठेवाल तर पापडासारखी वाकडी होईल.

वाजवायची कशावर? चावीचा ग्रामोफोन दिसायला देखणा, पण त्याच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे सुई बसवलेल्या डोक्याचा, भार शंभर ग्रॅमच्याही वर जातो. दुर्मीळ तबकडी त्यावर लावूच नये. लावायचीच असेल तर दर बाजूला नवी सुई, कारण दगडाच्या पुडीनं पोलादी सुई एकाच बाजूत घासली जाते. त्यापेक्षा ७८ चा, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांचा, वेग असलेला इलेक्ट्रिक टर्नटेबल आणि तीन मिलची, म्हणजे सुमारे ७५ मायक्रॉनची सुई घ्या. भार तीन ते पाच ग्रॅम. एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या रेकॉर्डची, सुई बारीक असते. ती रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते, आणि तळात असते ती फक्त धूळ. 'रेकॉर्ड फार खरखरते' ही तक्रार पुष्कळदा नुसती सुई बदलून मिटते. डावं-उजवं चॅनेल एकत्र करून मोनो केलं की खरखर आणखी उतरते.

वेगाकडे नीट लक्ष द्या. जुन्या तबकड्या सगळ्याच काही अचूक ७८ वर भरलेल्या नसत. ७४ वर भरलेली ७८ वर लावली तर काळी चारचं गाणं जवळजवळ पांढरी सहात, म्हणजे अर्धा सूर वर, जातं आणि गायिकेचा आवाज किनरा वाटतो. टर्नटेबलचा वेग तपासायला ७७ रेघांची स्ट्रोबची चकती जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली फिरवा. रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२, म्हणजे बरोबर. एलईडीखाली हे सहसा जमत नाही. गाण्याची खरी पट्टी ठरवायला पेटी जवळ ठेवा. साथीची पेटी आपल्या पेटीशी जुळेपर्यंत वेग हलवा.

संगणकावर उतरवताना २४ बिटची वेव्ह फाइल करा आणि ती मूळ प्रत तशीच राहू द्या. खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीवर, आणि तीही हलक्या हातानं. तानपुरा आणि खरखर एकमेकांत मिसळलेली असतात. जास्त घासलंत तर खरखरीबरोबर तानपुराही जातो आणि गळा पोकळीत लटकल्यासारखा ऐकू येतो.

लेबलवरचा नंबर, लेबलाभोवतीच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स नंबर (मूळ मुद्रणाचा क्रमांक), पाकिटावरचा दुकानाचा शिक्का, सगळं लिहून ठेवा. अगदी सुरुवातीच्या, १९०२ नंतरच्या काही वर्षांतल्या तबकड्यांवर गाणं संपताना गायक-गायिका आपलं नाव पुकारतात. मेणावरची मूळ मुद्रणं तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि तिथल्या कारागिराला कुणाचं गाणं ते कळावं म्हणून ही सोय. फाइल नीटनेटकी करताना शेवटचे ते दोन-तीन सेकंद कापू नका. लेबल पुसून गेलं असेल तर गायिकेचं नाव तेवढ्याच ठिकाणी उरलेलं असतं.